डॉक्टरसाहेबांची गरम गादी

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तुमच्या या सदरातले अनुभव मी वाचतो, पण अर्ध्याहून जास्त ठिकाणी मला वायरिंगचा फॉल्टच दिसतो. आपोआप लागलेला दिवा, बंद गाडीचा वाजलेला हॉर्न... अर्थची तार सैल असेल, दुसरं काय? चाळीसच्या वर वर्षं मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकची कामं केली. आमच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले देव-टाक नदीला दिले, आणि त्यांच्याबरोबर नवस, अंगात येणं, उतारे हे सगळंही गेलं. त्यामुळे मी आज जे लिहितोय ते माझ्याच स्वभावाविरुद्ध आहे. पण वय झालं, आणि ही गोष्ट माझ्याबरोबर जावी असं वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझं दुकान दुसरबीडला होतं, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि आत एक लाकडी पेटी. गावात वीज आलेली नव्हती, मी गाड्यांच्या बॅटरीवरच शिकलो आणि कमावलं. लोक मला वायरमन म्हणत. आमचा जिल्हा बुलढाणा, पण दुखणं मोठं असलं की आम्ही जालना गाठायचो, कारण तेच जवळ.

गावात एक डॉक्टरसाहेब होते. मूळचे वर्ध्याकडचे, पण इथलेच झालेले. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती आणि ती चालवायला उस्मानभाई. साहेबांना मणक्याचं दुखणं होतं. खेड्यापाड्याचे रस्ते, त्यात जीप, त्यात हिवाळा... परत आले की दोघांनी धरून उतरवावं लागायचं. एकदा दुकानाशी जीप थांबवून म्हणाले, "प्रल्हाद, तू बल्ब पेटवतोस, मग माझी बसायची गादी गरम करता येईल का रे?"

मी हसलो होतो. पण डोक्यात बसलं ते बसलंच. जालन्याच्या भंगारातून विजेच्या शेगडीची स्प्रिंग आणली, ती ताणून तिच्यावर चिनीमातीचे मणी ओवले, अॅस्बेस्टॉसच्या कापडावर नागमोडी शिवली, वर काथ्या आणि त्यावर सिंदखेडच्या कारागिरानं शिवलेलं हिरवं रेग्झिन. डॅशबोर्डवर वेगळं बटण, वेगळा फ्यूज. बटण दाबलं की अँपिअरचा काटा पाच आकडे खाली यायचा, आणि दहा मिनिटांत गादी ऊबदार व्हायची. पहिल्यांदा बसले तेव्हा साहेबांनी उलट्या हातानं गादी चाचपली... तापलेल्या पोराचं कपाळ बघतात ना, तशी. नंतर रोज ते तसंच करायचे. सगळ्या तालुक्यात त्या गादीची चेष्टा झाली, पण मला तिचा फार अभिमान होता.

अर्थात फॉल्ट यायचे. जीपच्या हादऱ्यांनी कधी स्प्रिंग तुटायची, कधी सीटच्या सांगाड्याला चिकटून फ्यूज उडायचा, कधी अर्थ गंजायचा. माझ्या उस्तादांनी एक रीत शिकवली होती : बॅटरीपासून निघायचं, टेस्टचा दिवा घेऊन एकेक जोड बघत पुढे जायचं, आणि शेवटपर्यंत गेल्याशिवाय फॉल्ट सापडला म्हणायचं नाही. ही रीत मी कधी मोडली नाही... एकदा सोडून. ते पुढे येईलच.

त्या वर्षी माझी बायको शांता तिसऱ्यांदा दिवसांत होती. आधीची दोन्ही बाळं आठवडाभरसुद्धा राहिली नव्हती. दोन्ही वेळा दिवस भरायच्या आत, दोन्ही वेळा थंडीत. शांता बोलायची नाही, पण या वेळी तिनं एक झबलंही शिवलं नव्हतं. डॉक्टरसाहेब तिला तपासायला घरी आले तेव्हा त्यांनी ते बरोबर ओळखलं. म्हणाले, "झबलं शिवायला घे, बाई. ह्या खेपेला बाळ घरात खेळेल. मी आहे ना." शांतानं त्याच दिवशी माझ्या जुन्या सदऱ्याचं कापड काढलं.

आणि मग ती गोष्ट, जी लिहिताना मला अजून लाज वाटते. थंडी पडली आणि गादी बंद पडली. साहेब दुकानाशी आले. माझ्यासमोर एका ट्रकचा डायनामो उघडा पडलेला, ट्रकवाला डोक्यावर उभा. मी म्हणालो, "साहेब, उद्या करतो." दुसऱ्या दिवशी ते परत आले. मी फक्त फ्यूज बघितला, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली आणि "चालेल आता" म्हणून मोकळा झालो. शेवटपर्यंत बघितलं नाही. ती चालली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साहेब एका वस्तीवर बाळंतपणाला गेले, बाळ-बाळंतीण सुखरूप केली, परत आले, आणि दवाखान्यासमोर जीप थांबली तेव्हा उतरलेच नाहीत. हृदय बंद पडलं होतं. थंड गादीनं कोणी मरत नाही, हे मला कळतं. पण उस्मानभाई सहज बोलून गेले, "साहेब रस्त्यानं म्हणत होते, वायरमनची गादी चालू असती तर बरं झालं असतं." त्या एका वाक्यानं माझी झोप गेली. मी मातीला गेलो, पण नंतर त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. तेराव्यालाही नाही. डॉक्टरीणबाईंना काय तोंड दाखवणार होतो?

त्यानंतर महिनाभरात, जानेवारीत, शांताला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. उजाडता उजाडता मुलगी झाली. एवढीशी... माझ्या पंजात डोकं आणि मनगटापर्यंत पाय. रडलीसुद्धा नाही, मांजराच्या पिलासारखा आवाज केला. शांताला अंगावरून जात होतं आणि ताप चढला होता. सरकारी नर्सबाई आल्या, बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोघींनाही जालन्याला न्या. आत्ता. आणि पोरीला गार पडू देऊ नका. गार पडली की संपलं."

एसटी दुपारी होती, आणि तिच्यात बाळंतीण झोपवून नेणार कशी? माझी माय पदराला हात पुसत म्हणाली, "जा, डॉक्टरच्या घरी जा. जीप मांग. लाज नंतर धर."

मी पळत गेलो. डॉक्टरीणबाई अंगणात होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी उस्मानभाईंना हाक मारली. मी एवढंच म्हणालो, "बाई, पोरीला गादीवर ठेवीन. गादी गरम होते ना, म्हणजे ती पोचेल." बाईंनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले, पण तेवढ्यात जीप सुरू झाली आणि मी चढलो.

विस्तवाची शेगडी बरोबर घ्यावी असं माय म्हणत होती. पण त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, विस्तव कसा नेणार? गरम पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. मागे गोधड्यांवर शांताला झोपवलं, तिच्याजवळ माय बसली. पोरीला पिंजलेल्या कापसात गुंडाळून सुपात ठेवलं, आमच्याकडे बाळाला सुपातच ठेवतात. ते सूप पुढच्या गादीवर ठेवलं आणि मी खाली, पाय ठेवायच्या जागेत उकिडवा बसून ते दोन्ही हातांनी धरलं. गादीचं बटण दाबलं आणि म्हणालो, "दहा मिनिटं, शांते. फक्त दहा मिनिटं." उस्मानभाई माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी गिअर टाकला.

जीपचे बाजूचे पडदे फाटलेले होते. वारा सुईसारखा आत शिरायचा. किनगाव राजा येईपर्यंत बाटल्या कोमट झाल्या, किनगाव मागे पडलं आणि त्या गार पडल्या. मी कापसात बोट घालून पोरीच्या पायाला लावलं. पाय थंड होता. गादीला हात लावला. गादी थंड होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे. त्यांना मी थंड गादीवर बसवलं, आता माझी पोर त्याच गादीवर...

"उस्मानभाई, थांबवा. गादी चालू नाही."

"वायरमन, वेळ जाऊन राह्यला."

"पाच मिनिटं. मले पाच मिनिटं द्या. माह्या हातची गादी हाय, मी काढतो फॉल्ट."

त्यांनी जीप कडेला घेतली, अंगातला कोट काढून सुपावर घातला आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः उभे राहिले. मी खिशातला टेस्टचा दिवा काढला. बॅटरीवर लागला. फ्यूजच्या अलीकडे लागला, पलीकडे लागला. बटणाच्या मागे लागला. अर्थ खरवडला, घट्ट केला. गादीखाली जिथे दोन तारा भोकातून आत जातात तिथपर्यंत वीज येत होती. पण बटण दाबलं की अँपिअरचा काटा हलायचा नाही. म्हणजे स्प्रिंग तुटलेली. म्हणजे गादी फाडायची, तुटकी टोकं शोधायची, पीळ मारायचा. घाईत दिव्याची टोच दोनदा बोटात घुसली.

मागून शांता म्हणाली, "द्या मले तिले. माह्यापाशी द्या." तिचे दात वाजत होते. मायनं तिच्या अंगावरचं काही न काढता स्वतःचं लुगडं अर्धं सोडून सुपावर टाकलं आणि म्हणाली, "पोरगी निळी पडून राह्यली रे, पल्हाद. काय करून राह्यला तू?"

मी खिशातून चाकू काढला. रेग्झिनची शिवण उसवायला डावा हात गादीवर ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

गादी ऊबदार होती.

मला वाटलं, माझाच हात बधिर झालाय. मी उजवा हात ठेवला. गाल ठेवला. ऊब होती, आणि ती वाढत होती... थेट साहेबांच्या पाठीला लागायची तेवढी. मी काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर. बटण बंद केलं, चालू केलं, काटा तसाच. मला वाटलं, काटा अडकला असेल. दुसरं काय वाटणार?

"लागली," मी म्हणालो. "उस्मानभाई, लागली गादी. चला."

उस्मानभाईंनी वाकून गादीला हात लावला. चटका बसावा तसा मागे घेतला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण मी समजलो की थंडीनं. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, स्टिअरिंगवर बसले, आणि पुढे जालन्यापर्यंत जीप कुठंही थांबवली नाही. मी सुपाच्या खाली हात घालून बसलो होतो. सिंदखेडराजा गेलं, नदीचा उतार गेला. पोरीच्या पायाची निळाई हळूहळू गेली. एकदा तिनं तोंड वाकडं करून जांभई दिली. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात एवढा रडलो नाही... आवाज न करता, शांताला कळू नये म्हणून.

दवाखान्यात दोघींनाही आत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी पोरीला हात लावून विचारलं, "एवढ्या वाऱ्यात हिला गरम कसं ठेवलंत?" मी छाती काढून सांगितलं, "गादी आहे. मी बनवलेली." मग मला चक्कर आली आणि मी भिंतीला टेकून बसलो.

दुपारी उस्मानभाईंनी मला चहा पाजला. मला जरा बरं वाटलं तसा माझ्यातला वायरमन जागा झाला. परतीच्या वेळेस काटा दुरुस्त करू, स्प्रिंगचा सैल जोड पक्का करू, असं म्हणत मी चाकू घेऊन जीपकडे निघालो. उस्मानभाईंनी माझा दंड धरला.

"काऊन फाडता? काही नाही त्यात."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्या हातातला चाकू घेतला आणि स्वतःच शिवण उसवली. आत काथ्या होता. मी हात कोपरापर्यंत घातला, काथ्या बाहेर उपसून जमिनीवर टाकला. मणी नाहीत. कापड नाही. स्प्रिंग नाही. भोकातून आत आलेल्या दोन तारा होत्या, आणि त्यांची टोकं काळ्या टेपनं वेगवेगळी गुंडाळून आत नुसती खोचलेली होती. टेप जिथल्या तिथं होती. तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या.

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरसाहेबांच्या तेराव्याला बाईंनी रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण-पांघरूण, छत्री, चपला दान दिल्या. शय्यादान म्हणतात ते. आणि बाई म्हणाल्या, "त्यांचं अर्धं आयुष्य त्या गादीवर गेलं, तीच त्यांची शय्या." म्हणून माझी गादीही दान गेली. उस्मानभाईंनी सिंदखेडच्या त्याच कारागिराकडून, तशाच हिरव्या रेग्झिनची साधी गादी करून बसवली आणि तारा उघड्या राहून शॉर्ट होऊ नयेत म्हणून टेप लावून आत ढकलल्या. आमच्या घरात हे दान-रिवाज कधीच बंद झालेले, त्यामुळे असं काही असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तेराव्याला गेलो असतो तर कळलं असतं. लाजेपायी गेलो नव्हतो.

मी ओरडलोच त्यांच्यावर. "मग तुम्ही बोलले काऊन नाही? मी तिथं पाच मिनिटं नसलेला फॉल्ट शोधत बसलो."

उस्मानभाई खाली बघत म्हणाले, "बोलणार होतो. पण तुमच्या हाताले काम होतं, वायरमन. मी सांगितलं असतं तर तुम्ही तिथंच रस्त्यावर बसले असते. मले वाटलं, पोर तर जाणारच हाय... बापाले निदान वाटू द्या का त्यानं सगळं करून पाह्यलं." स्वतःचा तळवा दाखवत म्हणाले, "मी पन हात लावला ना. चटका बसला मले. अल्ला कसम."

आम्ही दोघांनी पुन्हा गादीला हात लावला. उसवलेली गादी उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये होती, तरी थंडगार होती.

आठवड्यानं, पोर दूध ओढायला लागल्यावर, मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. गादीचं सांगितलं, आणि आधी साहेबांना "उद्या" म्हणालो होतो तेही सांगितलं. फक्त फ्यूज बघून त्यांना वाटेला लावलं होतं, हेही. मला वाटलं, आता त्या मला उठवतील.

बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "किती गरम होती?"

"साहेबांना लागायची तेवढीच."

त्यांनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "गादी दान देताना त्यांचं एक बोलणं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. शेवटच्या दिवशी पहाटे निघताना मीच म्हणाले होते, वायरमनला उठवा, गादी करून घ्या, मग जा. तर म्हणाले, राहू दे. त्याच्या बायकोचे दिवस आहेत, दोन लेकरं गेलीत त्यांची, त्याला झोपू दे. मी तिला शब्द दिलाय. वेळ आली की ती गादी तिच्याच बाळाच्या कामी येईल."



तुमच्यापैकी कोणी म्हणेल, इंजिनाची ऊब असेल, सायलेन्सर असेल. मीही तेच म्हणालो. नंतर गादी शिवून घेतली आणि त्याच महिन्यात, त्याच जीपनं, त्याच रस्त्यानं मी तीन फेऱ्या मारल्या, गादीवर सूप ठेवून, खाली हात घालून. किनगाव ते जालना, तिन्ही वेळा गादी थंड. कोणी म्हणेल, घाबरलेल्या बापाला भास झाला. मग उस्मानभाईंना काय झालं होतं, आणि पोरीच्या पायाला काय झालं होतं? बॅटरीपासून शेवटच्या टोकापर्यंत मी या गोष्टीचा एकेक जोड शेकडो वेळा तपासला आहे. शेवटी दोन तारा येतात, टेप लावलेल्या, कशालाच न जोडलेल्या. तिथून पुढे माझा दिवा लागत नाही.

पुढं मी नवी स्प्रिंग आणून जीपसाठी दुसरी गादी केली. जीप विकली जाईपर्यंत दर थंडीत तिचा प्रत्येक जोड स्वतः बघितला. गावातली बरीच बाळं त्या गादीवर झोपून जालन्याला गेली. त्यानंतर मी कुणालाही "उद्या करतो" म्हणालो नाही, यावर माझी गिऱ्हाइकं अजून हसतात.

मुलीचं नाव आम्ही नंदा ठेवलं. ती आता स्वतः आजी झाली आहे. तिला लहानपणापासून एक सवय आहे, कोणी शिकवलेली नाही. कुठंही बसायच्या आधी, खुर्ची असो की एसटीचं बाकडं, ती उलट्या हातानं जागा चाचपते आणि मगच बसते.